बॉनेटवरचे स्वस्तिक

गाडी सुंदर होती. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे जे येणार आहे त्यात गाडीचा काही दोष नाही.

पांढरी, दोन दारांची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जपानी स्पोर्ट्‌स कार. नाक लांब, पाठ उतरती, बसायची जागा जवळजवळ मागच्या चाकांवर. आरसे दारांवर नव्हते, पुढच्या मडगार्डांवर होते. आत काळ्या सीटा, लाकडी स्टिअरिंग आणि चालकाकडे किंचित मान वळवलेल्या तीन गोल तबकड्या. काचेच्या कोपऱ्यात जपानी अक्षरांचा एक छोटा कागद चिकटलेला होता, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा. तोही कोणी काढला नव्हता. सिल्वासाच्या रस्त्यावर त्या काळात ट्रक, सरकारी जिपा आणि स्कूटर धावत. त्यांच्यामधून ही गाडी गेली की पानाच्या ठेल्यावरची माणसे बोलायची थांबत.

गाडीचा मालक धाग्याचा कारखानदार होता. या केंद्रशासित प्रदेशात करसवलत मिळते म्हणून ऐंशीच्या दशकात जे मुंबई-सुरतेहून इथे आले त्यांच्यापैकी एक. पॉलिएस्टरचा धागा आणायचा, तो पिळून फुगवायचा, रंगवायचा आणि विकायचा, असा धंदा. त्याचा काका पूर्व आफ्रिकेत होता. काका गेल्यावर दुकान, घर आणि गाडी असे तीन वाटे झाले आणि त्याने गाडी मागून घेतली. भावंडांनी त्याला वेड्यात काढले, हे तो स्वतःच हसत सांगे. सगळे त्याला शेठ म्हणत, मीही इथे तसेच म्हणते.

मी मुंबईत एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षे काम करून इकडे आले होते. नवऱ्याची प्रशासनात नेमणूक झाली होती आणि सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही आमली या कारखान्यांच्या भागात, कामगारांनी भरलेल्या एका इमारतीत राहत होतो. जुन्याच दैनिकाला इथून बातम्या पाठवत असे. उद्घाटने, अपघात, दमणगंगेचे पाणी. शेजारच्या खोलीत धुळ्याकडचे एक जोडपे होते. नवरा शेठच्या कारखान्यात डाईंगला, म्हणजे रंगखात्यात होता. तिशी गाठलेला, उंच, कमी बोलणारा. त्याची बायको मात्र भरपूर बोलत असे आणि त्या घराबद्दल मला जे कळले ते बहुतेक तिच्याकडूनच.

रंगखात्यात मोठ्या बंद भांड्यांत धागा उकळत्या रंगात शिजवतात. भांडे उघडले की वाफ येते, आणि वाफेबरोबर रंग. तो माणूस घरी येई तेव्हा नखांच्या कडा लाल किंवा निळ्या असत. खोकला रंगीत असे. बायको एकदा उशीचा अभ्रा घेऊन माझ्या दारात आली होती. अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा गुलाबी डाग होता.

"सोडा लावला, ताई. लिंबू लावलं. जात नही. भाकरीलेबी बोटं उमटतात. मी म्हणते, तुम्ही खाऊ नका, मीच भरवते. तर रागावतात."

त्याला त्या खात्यातून बाहेर पडायचे होते. तो दुसरे काही मागत नव्हता. पगारवाढ नाही, बढती नाही. फक्त दुसरे कुठलेही खाते. दोनदा मुकादमाला विचारून झाले होते. रंगात मुरलेला माणूस सोडायला कोणी तयार नसते, असे मुकादमाने त्याला सांगितले, आणि हे त्याचे कौतुक आहे असेही सांगितले.

मग शेठला गाडीसाठी माणूस हवा झाला.

गाडी कारखान्याच्या आवारातच असे. इथल्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत बुरशी येते. पण तयार धाग्याच्या गोदामाला गार, कोरडी हवा लागते, आणि त्या गोदामाचा एक कोपरा भिंत घालून गाडीसाठी काढलेला होता. तिला पुसायला, आठवड्यातून एकदा सुरू करायला, चाके थोडी फिरवून ठेवायला कोणीतरी पाहिजे होते. काम हलके, हवा गार, वाफ नाही. सगळ्या खात्यांतून माणसे पुढे आली.

शेठने निवड कशी केली ते मी ऐकले तेव्हा मला आधी खरे वाटले नाही. काही माणसांच्या घामाने लोखंड गंजते, हे यंत्रांवर काम करणाऱ्यांना माहीत असते. शेठने पॉलिश केलेला पोलादी पत्रा टेबलावर ठेवला आणि रांगेतल्या प्रत्येकाला त्यावर तळहात दाबायला लावला. प्रत्येक पंजाखाली खडूने खूण. दुसऱ्या दिवशी पत्रा पाहिला. कुठे पाच बोटांचा तांबूस पंजा उठला होता, कुठे नुसती बोटांची टोके. एका खुणेच्या वर पत्रा स्वच्छ होता.

"माना हात पास झाया, ताई," तो जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला. परीक्षेचा निकाल सांगावा तसे. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिले.

अंगठी काढायला लावली, मनगटावरचे कडे काढायला लावले. पट्ट्याचे बक्कल गाडीला घासू नये म्हणून नाडीची विजार दिली. कमरेच्या करदोट्यात चांदीची घुंगरी होती, तीही. बायकोला ते आवडले नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी ती परत अभ्रा घेऊन आली, या वेळी दाखवायला.

"पाहा व ताई. कसा पांढरा शे."

खोकला कमी झाला होता. भाकरीवर बोटे उमटत नव्हती. त्या पावसाळ्यात त्यांच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला नाही आणि हसण्याचा दोनदा आला.

मला ती गाडी जवळून पाहायला मिळाली ती दसऱ्याला. शेठ दर वर्षी मुंबई-सुरतेहून आपल्यासारखेच शौकीन बोलावत असे. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, त्यामुळे पाहुणे आनंदाने येत. त्या वर्षी शेठने मलाही बोलावले. "बेन, तुमी या ना. गाडीवर काय तरी लिवा. कारखान्यावर तर सगळेच लिवतात." पुरवणीसाठी मजकूर हवाच होता, मी गेले.

पाहुण्यांमध्ये मुख्य होता मुंबईचा एक दातांचा डॉक्टर. जुन्या गाड्यांतला जाणकार. त्याने खिशातून लांब दांडीचा छोटा आरसा काढला, जो तो पेशंटच्या तोंडात घालत असावा, आणि गुडघे टेकून गाडीच्या खालून तो फिरवला. मग उठून बॉनेटच्या कडेवरून बॅटरीचा प्रकाश तिरका सोडला आणि गाल जवळजवळ पत्र्याला लावून पाहिले. "एकही पॅनल पुन्हा रंगवलेलं नाही," तो म्हणाला. बाकीच्यांनी देवळात उभे राहावे तसे हात पुढे बांधले होते. एकाने आत वाकून कार्पेटचा वास घेतला आणि डोळे मिटले. मग शेठने दार लावून दाखवले. दार लावण्याचा आवाज ऐकण्यासाठी सगळे गप्प झाले. त्याने पुन्हा उघडले, पुन्हा लावले.

"ऐकलं, मॅडम?" डॉक्टरने मला विचारले. "हे लिहा. हा आवाज आता कुठे मिळत नाही."

बॉनेटवर माशीचा एक ठिपका होता. डॉक्टरने करंगळी तोंडात घालून ओली केली आणि ठिपका हळुवार चोळून काढला. शेठने मान डोलावली. थुंकी रंगाला अपाय करत नाही, पाणी एक वेळ करेल, असे त्याने मला समजावले. मग दुसऱ्या कोपऱ्यातला ठिपका त्याने स्वतःच्या थुंकीने काढला. कामगारांच्या घामाची ज्या पत्र्यावर परीक्षा झाली तो पत्रा मला आठवला. समोर फरसाण आणि तळलेले मासे होते. मी काही खाल्ले नाही.

माझा शेजारी गाडीच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता. नाडीची विजार, हातात मऊ कापड. एकाही पाहुण्याने त्याच्याकडे पाहिले नाही आणि त्याचीही तशी काही अपेक्षा दिसत नव्हती. नजर गाडीवर होती. गाडी त्यालाही आवडत होती, हे सांगायला हवे. बायको म्हणे, "माझ्यापेक्षा तिलेच जास्त पुसतात."

पूजेची वेळ झाली. दसऱ्याला यंत्रांची पूजा सगळ्या कारखान्यांत होते. शेठने गाडीच्या पूजेचे नियम घालून दिले. हार नको, हाराच्या तारेने ओरखडा जातो. चाकाखाली लिंबू नको, त्यात आंबट असते. नारळ बाहेर फोडायचा, पाण्याचा थेंब उडता कामा नये. अगरबत्ती लांब. उरले कुंकू. त्याची बॉनेटवर एक खूण असावी, असे शेठच्या म्हाताऱ्या आईने घरून सांगून पाठवले होते. कुंकू पुसले की जाते, असा विचार करून शेठ राजी झाला.

"स्वस्तिक कैसा करूं, शेठ?" माझ्या शेजाऱ्याने विचारले.

शेठ हातातला ग्लास बदलत होता. "अरे, मशीन को करते हो वैसे ही करने का. तेरे को आता है ना?"

हे वाक्य मी ऐकले. मी तीन हातांवर उभी होते.

त्याचा अर्थ शेठला काय अभिप्रेत होता आणि ऐकणाऱ्याला काय कळला, हे समजायला रंगखात्याची एक रीत माहीत पाहिजे. त्या खात्यात दसऱ्याला यंत्रांवर बाजारचे कुंकू लावत नाहीत. वाफेत ते तासाभरात ओघळून जाते, आणि दसऱ्याची खूण वर्षाच्या आत पुसली गेली तर त्या भांड्यावर अपघात होतो, अशी तिथे समजूत आहे. म्हणून ते लोक पिंपातला लाल रंगच चिमूटभर घेतात. धाग्यात रंग उतरावा म्हणून जे उग्र वासाचे केमिकल वापरतात त्याचे दोन थेंब त्यात टाकतात आणि त्या लेपाने स्वस्तिक काढतात. ते पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकते. कुठल्या यंत्राचे स्वस्तिक कोणी काढले हे वर्षभर दिसत असल्याने जो तो जीव लावून काढतो. शेठ दर दसऱ्याला त्या खात्यातून एक फेरी मारी, हात जोडी आणि निघून जाई. ती लाल खूण कशाची आहे हे त्याने कधी विचारले नव्हते.

हा माणूस रंगखात्यात जाऊन वाटी घेऊन आला. अनामिकेने स्वस्तिक काढले. उभी रेघ, आडवी रेघ, चार वळणे, मध्ये चार ठिपके. फार नीटस काम होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोडा वास आला, पण आवारात तो वास नेहमीच असतो.

मग पाहुण्यांनी वासोण्यापर्यंत चक्कर मारली, दोघादोघांनी, आळीपाळीने. ऊन होते. इंजिनाने बॉनेट आतून तापले, उन्हाने वरून. तिथल्या वनखात्याच्या नाक्यापर्यंत जाऊन गाडी परत येई, पुढचे दोघे बसत. त्या गरमीत रंगाने त्याचे काम केले. धाग्यात तो उतरतो तसा गाडीच्या पांढऱ्या रंगात उतरला.

दुपारी शेठने त्याला पुसायला सांगितले. त्याने कापड फिरवले. वरचा लेप निघाला आणि खाली स्वस्तिक तसेच राहिले, गुलाबी, कडा रेखीव. त्याने पुन्हा पुसले. डॉक्टर पुढे आला, थुंकी लावून पाहिली, मग रॉकेल मागवले. शेठने पॉलिश आणवले. जितके घासले तितके ते आत गेल्यासारखे दिसू लागले. शेवटी डॉक्टर म्हणाला, "थांबा. आता पांढरं निघेल, हे निघणार नाही."

शेठ ओरडला नाही. त्याने वाटीचा वास घेतला आणि मुकादमाकडे पाहिले. मुकादमाने रीत सांगितली. शेठ त्या माणसाकडे वळला.

"हाथ चेक किया था तेरा," तो म्हणाला. "दिमाग चेक करना रह गया."

पाहुणे हसले. दोघेतिघे, मोकळे हसू. मग शेठ म्हणाला, "कल से डाईंग."

"शेठ, आपने बोला था—"

"क्या बोला था मैंने?"

मी म्हटले की मी तिथे होते आणि शेठ काय म्हणाले ते मी ऐकले आहे. जसे मशीनला तसेच, असे ते म्हणाले होते. शेठने माझ्याकडे अत्यंत सौजन्याने पाहिले. "बेन, मस्करीत बोललेलं पण तुमी लिवून घेता? जेवा ना. मासा गार होते." डॉक्टरने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी निघाले. पुरवणीला दसऱ्याचा मजकूर मी दिला नाही, आणि त्याने कोणाचे काही अडले नाही.

दुसऱ्या दिवशी तो रंगखात्यात गेला. आठवड्याभरात अभ्रा पुन्हा गुलाबी झाला. बायकोने या वेळी तो आणून दाखवला नाही, दोरीवर वाळत घातलेला मला दिसला. त्याने अंगठी परत घातली, कडे घातले, करदोटा बांधला. काही महिन्यांनी त्याने शेठचा कारखाना सोडला आणि सामरवरणीच्या एका कारखान्यात लागला. तिथेही रंगखातेच. मुरलेला माणूस म्हणून त्याला लगेच घेतले.

गाडीचे पुढे काय झाले ते मला डॉक्टरकडून कळले, कारण तो अधूनमधून मला फोन करून गाड्यांबद्दल लिहा असे सुचवत असे. शेठने बॉनेट रंगवून घ्यायचे ठरवले होते. डॉक्टरने रोखले. रंगवले तर गाडी इतर गाड्यांसारखी होईल, असे त्याने पटवले. मग हळूहळू शेठच्या लक्षात आले की पाहुणे आता सगळ्यात आधी स्वस्तिकच पाहतात. त्याबद्दल विचारतात. पुढच्या वर्षी त्याने एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांत ती घोटीव झाली. मी ती एका समारंभात त्याच्याच तोंडून ऐकली: एक आदिवासी म्हातारा होता, गाडीला देव मानायचा, त्याने जंगलातल्या कुठल्याशा मुळीचा रंग करून हे स्वस्तिक काढले आणि ते पुसले जात नाही. ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीने बॉनेटला नमस्कार केला.

बातमीतल्या चुका दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. तो आदिवासी नव्हता, धुळ्याकडचा होता. म्हातारा नव्हता. मुळी नव्हती, पिंपातला रंग होता. जंगल नव्हते, आमली होती. आणि देव मानत होता की नाही ते मला माहीत नाही, पण त्याला वाफेतून बाहेर राहायचे होते. मी शेठला हे तिथेच सांगितले. तो म्हणाला, "बेन, मजा खराब नका करू." त्याने हे प्रेमाने सांगितले आणि त्या प्रेमाचीच मला जास्त शिसारी आली.

नव्वदचे दशक संपत आले होते तेव्हा मुंबईच्या एका मोटारींच्या मासिकाने त्या गाडीवर लेख करायचा ठरवला. फोटोग्राफरला स्वस्तिक काढणारा हात हवा होता. म्हातारा गेला, असे सांगणे शेठला सहज शक्य होते, पण मासिकात फोटो येणार म्हटल्यावर त्याने सामरवरणीला माणूस पाठवून ह्याला शोधून काढले. एव्हाना आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो होतो. त्याची बायको तिथे येऊन म्हणाली, "ताई, तुम्हीबी चला. यास्ले शेठनी बलावलं शे. कोन जाने, परत ठेवतील."

तो पाळी बुडवून, पांढरा सदरा घालून आला होता. अंगठी आणि कडे त्याने न सांगता काढून ठेवले होते. त्या आठवड्यात त्याच्या सामरवरणीच्या कारखान्यात मरून रंग चालू होता. फोटोग्राफरने त्याची बोटे पाहिली आणि हात धुऊन यायला सांगितले. तो धुऊन आला. पुन्हा धुऊन आला. मग फोटोग्राफर म्हणाला की राहू दे, पण बॉनेटला टेकवू नका, नुसता वर धरा. त्याने अनामिका स्वस्तिकाच्या वर बोटभर अंतरावर धरली. तशी बराच वेळ धरली. शेठ शेजारी उभा राहून "थोडं वर, थोडं खाली" सांगत होता. खोकला आला की तो हात बाजूला घेई, तोंड दुसरीकडे फिरवून खोके आणि पुन्हा हात धरी.

काम झाल्यावर त्याने विचारले. आडवळण न घेता, उभ्यानेच.

"शेठ, गाडीपे फिर से रखोगे?"

"गाडीपे अब क्या काम है, भाई?" शेठला खरेच आश्चर्य वाटलेले दिसले. "धोना बंद, पोंछना बंद. डॉक्टर बोला, हाथ लगेगा तो निशान फीका होगा. अब काच में रखने का है."

तो मान हलवून बाहेर आला. आम्ही तिघे गेटपर्यंत चालत आलो. गेटच्या बाहेर शेठच्या कारखान्याच्या रंगाचे पाणी गटारातून वाहत होते, त्या दिवशी तेही मरून.

अंक निघाल्यावर मी तो त्यांच्या खोलीत घेऊन गेले. चार पाने होती. बॉनेटचा पानभर फोटो होता, प्रकाश तिरका, स्वस्तिकाच्या कडा स्पष्ट. हात कुठेच नव्हता. खाली छापले होते की ही खूण एका अज्ञात भक्ताची आहे. ओळी कशा कापतात ते मला माहीत आहे. कोणीतरी नाव विचारले असणार आणि जागेअभावी गाळले असणार, किंवा विचारलेच नसणार.

बायकोने पाने उलटसुलट केली. "यास्ना हात कुठं शे?"

"नही घेतला," तो म्हणाला. दुसरी पाळी होती, तो डबा बांधत होता. मासिक जवळ घेऊन त्याने फोटो पाहिला, स्वस्तिकाच्या एका वळणावरून, कागदाला न टेकवता, बोट फिरवले.

"बरं झालं, ताई," तो म्हणाला. "नखं खराब दिसली असती."